मदत हवी आहे: फँटम टेस्टमध्ये युनिफॉर्मिटी घसरतेय

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात एमआरआय टेक्निशियन आहे. मशीन १.५ टेस्लाचं. दर सोमवारी पेशंट सुरू व्हायच्या आधी हेड कॉइलमध्ये (डोक्याभोवती बसणारी, सिग्नल पकडणारी कॉइल) एसीआरचा (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी) मोठा फँटम, म्हणजे मशीन तपासायचा ठरावीक मापाचा नमुना, ठेवून स्कॅन करतो. फँटमची लांबी १४८, व्यास १९० मिलिमीटर, इमेजवर दोन्ही बरोबर येतात. सेंटर फ्रिक्वेन्सीही (मशीन ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालतं ती) स्थिर. गडबड आहे ती सातव्या स्लाइसमध्ये (फँटमच्या छेदाची इमेज). तीन आठवड्यांत युनिफॉर्मिटी (इमेज सगळीकडे किती एकसारखी उजळ आहे ते) ९१ वरून ८५ टक्क्यांवर आलीय आणि उजवी बाजू काळपट दिसते. आम्ही ८७.५ ची जुनी मर्यादा पाळतो, म्हणजे नापासच.

फँटम स्पिरिट लेव्हल लावून नीट बसवला, मग फिरवूनही पाहिला. काळपट भाग जागचा हलत नाही, म्हणून संशय कॉइलवर. सर्व्हिसवाले म्हणतात, "पेशंटच्या इमेज चांगल्या येतायत ना, मग कशाला डोक्याला ताप?" (आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमना सांगा म्हणावं!)

कॉइलचा एकेक चॅनेल (सिग्नल पकडणारा स्वतंत्र भाग) वेगळा काढून एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण) कुणी मोजलाय का? आणि इमेज एकसारखी करणारा फिल्टर बंद ठेवूनच मोजायचं, की रोज चालू असतो तसाच? पुण्यात असा तपास करून देणारे मेडिकल फिजिसिस्ट माहीत असतील तर तेही कळवा. पुढच्या सोमवारच्या आत कळलं तर बरं.