भाव हातात नाही, पण सड आहे

'निर्यातबंदी कधी लागेल सांगता येत नाही, मग चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, कांदा भरून काय उपयोग?' हा सवाल रास्त आहे. डिसेंबर 2023 मध्ये बंदी रातोरात आली, तिला कोण काय करणार! पण चाळीतली बरीचशी सड शेतातूनच येते, आणि ती आपल्या हातात असते.

लागवडीनंतर 60 दिवसांनी युरिया बंद करा. उशिरा दिलेल्या युरियातल्या नत्राने कांद्याची मान (पात जिथे कांद्याला जुळते तो भाग) जाड होते, ती नीट सुकत नाही आणि बुरशी तिथूनच आत शिरते. काढणीआधी 10-15 दिवस पाणी तोडा. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या, म्हणजे पात आडवी झाली, की काढा. तीन-चार दिवस शेतातच सुकवा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरा, नाहीतर उन्हाने चट्टे पडतात. मग तीन-चार सेंटीमीटर मान ठेवून, पिळा देऊन कापा. अगदी बुडातून कापलेला कांदा टिकतच नाही. पुढे 10-12 दिवस सावलीत.

डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), जोडकांदे आधी विका. चाळीत थर चार-पाच फुटांपर्यंतच, खालून हवा हवीच. जागा उरली म्हणून वर आणखी ओतला की खालचा दबतो, तापतो.