मामाले काका करनारं यंत्र, अन् म्हणे भाषा शिकू नका

वावरवाला (दारव्हा)
कालची पोस्ट वाचून डोकं तापलं, म्हणून लांबण लावतो. पोस्ट अशी: भाचा स्वीडनमध्ये गोटेबोर्गला शिकतो. खोलीतला जोडीदार चिनी, घरमालकीण म्हातारी स्वीडिश. मधे भाषांतराचं यंत्र असलेला फोन ठेवतात. हा चिनीत बोलतो, तिले स्वीडिश ऐकू येते. इथवर छान. पण शेवटी लिहिलं, "पोरांना भाषा शिकवण्यात वर्षं घालवू नका, यंत्र सगळं करते."

सगळं? यंत्र एकच मजकूर दोन भाषांत पाहून शिकते. चिनी आणि स्वीडिश यांचा असा जोडीनं लिहिलेला मजकूर थोडका, म्हणून अशी कितीतरी यंत्रं मधे इंग्रजीचा थांबा घेतात. दारव्ह्याहून यवतमाळले जायचं अन् एसटी मुंबईवरून न्यायची, तसं. वाटेत काय सांडते ते पाहा. चिनीत आईचा भाऊ ज्योज्यो, बापाचा धाकटा भाऊ शूशू. स्वीडिशमध्ये आईचा भाऊ मूरब्रूर, बापाचा फारब्रूर. म्हणजे मामा-काका दोन्हीकडे वेगळे, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या थांब्यावर दोघंही अंकल होतात, अन् उतरताना यंत्र अंदाजानं एक नाव चिकटवते. लग्नात मामाच्या जागी काका उभा केलेला चालते का आपल्याकडं?

अजून एक. चिनीत विकत घेणं 'माय' अन् विकणंही 'माय'. फरक फक्त सुराचा: एकाचा सूर खाली दबतो, दुसऱ्याचा वरून आपटतो. कापसाच्या लिलावाच्या गलक्यात उभं राहून हे फोनले ऐकवा, मंग सांगा.

भाच्याची मावशी
पोस्ट माझीच. सूर निसटला तरी पुढच्या-मागच्या शब्दांवरून यंत्र बरोबर ओळखते, घेणं की विकणं. तुम्ही एक शब्द सुटा काढून दाखवता, माणसं वाक्यात बोलतात. त्या चिनी पोराची रात्री दाढ ठणकत होती. म्हातारीनं फोनवरून समजून घेतलं अन् सकाळी त्याला दवाखान्यात नेलं. त्यानं आधी दोन वर्षं स्वीडिश शिकायचं होतं का?

पंपवाला (दिग्रस)
मावशीचं बरोबर हाय. म्या चायनाचा बॅटरी पंप घेतला फवारनीले. पत्रकावर सारी चिनी अक्षरं, अन् दुकानदार म्हने चालू करा अन् मारा. कॅमेरा धरला त मराठीत आलं: पयले पुरा चार्ज करा, वापरल्यावर टाकी साध्या पान्यानं धुवा. माह्या शेजाऱ्यानं धुतली नाई, त्याचं नोझल आठ दिवसांत जाम. भाषा शिकाले मी कुठी जाऊ बाप्पा?

वावरवाला
पत्रक वेगळं, बोलणं वेगळं. पत्रक थांबते. 'काल आलेला माणूस' हे चिनी आपल्यासारखंच बांधते, माणूस शेवटी. स्वीडिशमध्ये माणूस आधी, काल आला ते मागून. म्हणजे माणूस येईस्तोवर यंत्रानं थांबावं, नाहीतर अंदाजानं फेकावं. मराठीत तर 'नाही' शेवटी येते. "तुमचा माल मी घेणार" इथवर फोननं बोलून टाकलं त 'नाही' कुठी जाईल?

गुरुजी (उमरखेड)
थांबत थांबत, स्पष्ट, प्रमाण मराठीत बोलावं. फोन व्यवस्थित समजतो. आपले लोक कसंही बोलतात आणि दोष यंत्राला देतात.

पऱ्हाटी
कसंही? गुरुजी, शब्द मागं घ्या. माही माय फोनले म्हने, "वावरात पानी साचून रायलं, पऱ्हाटी पिवळी पडून रायली, काय करू?" फोननं पऱ्हाटीचे पराठे केले अन् वावराचं 'ये-जा'. माय पंचावन्न वर्षांची, चौदाव्या वर्षापासून पऱ्हाटी निंदते. तिनं आता 'कपाशीचे पीक' म्हनाले शिकाव का? शाळेत 'मले' म्हटलं म्हनून मी छडी खाल्ली हाय. 'लीळाचरित्र'सारखं जुनं मराठी गद्य जिथं लिहिलं गेलं ते रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात हाय, अन् आमीच अशुद्ध?

गुरुजी
छडीचा इथे काय संबंध? मी तीस वर्षं शिकवलं, एकाही पोराला बोलीवरून मारलं नाही. पोरगं मुलाखतीत 'मले' म्हणून अडतं, तेव्हा त्याच्या घरी जाऊन बसणारा मीच असतो.

पऱ्हाटी
अडवनाऱ्याले जाऊन सांगा ना मंग! पोराले काऊन सांगता?

पंपवाला
हे मात्र खरं. पत्रक वाचलं फोननं, पन माह्यासंग बोलाले लागला त त्यालेही 'तुम्हाला' पाह्यजे.

सिस्टर (धारणी)
तुमचं वऱ्हाडी निदान अर्धं तरी ऐकतो. इथं मेळघाटात पेशंट कोरकू बोलतात. 2024 मध्ये गूगलनं भाषांतरात 110 भाषा वाढवल्या. संथाली आली. कोरकू त्याच मुंडा भाषाकुळातली, पण ती आली नाही. रात्री दोनला बाळंतीण आली होती. पोटावर हात फिरवून एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होती. आशाताई घरी गेलेली. मी फोन तिच्या तोंडापुढं धरला, फोननं हिंदी समजून भलतंच लिहिलं. शेवटी तिच्या सासूनं माझा हात धरून कमरेवर नेला, तेव्हा कळलं कळा पाठीतून येत होत्या. स्वीडनमध्ये गरज असेल तर सरकारी कचेरीनं दुभाषी द्यायचा, असा कायदाच आहे. त्या चिनी पोराला फोन नसता तरी कोणीतरी मिळालं असतं. माझ्याकडं कोरकू समजणारा फोनही नाही, दुभाषीही नाही. आता कोरकू शिकते आहे, दीडेकशे शब्द झाले. वहीत लिहिते, चुकले की बाया सुधारतात.

गुरुजी
सिस्टर, त्या वहीचे फोटो पाठवता का? आश्रमशाळेत रुजू झालेल्या नव्या शिक्षकांना उपयोगी पडतील. 'कसंही' हा शब्द मी मागे घेतो. मुलाखतीचं मात्र मागे घेत नाही.

भाच्याची मावशी
भाच्याला रात्री फोन करून मामा-काकाचं करून पाहायला लावलं. चिनी पोरगा म्हणाला, ज्योज्यो उद्या भेटायला येतो आहे. फोननं म्हातारीला फारब्रूर सांगितलं. काका! वावरवाले, एवढं मान्य. 'भाषा शिकवू नका' ते वाक्य पोस्टमधून काढते. पण दाढेचं तेवढं राहू देते, ते खरं आहे.

वावरवाला
राहू द्या. दाढेचं मी नाकारलंच नव्हतं. म्हातारीले मामा कळला का शेवटी?

भाच्याची मावशी
कळला. त्यानं आईचा फोटो दाखवला, मग मामाचा. म्हातारी म्हणाली मूरब्रूर, आणि त्याच्याकडून तीनदा ज्योज्यो म्हणवून घेतलं.