ग्रुपमधल्या भाऊंना "प्रभूने दाखवलं" म्हणे, आता मी काय करू?

कृष्णाकाठ, मिरज
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी मिरजेत नर्स आहे, ७ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला, पगार जवळपास दीडपट आणि राहायची सोय पण. मी हो म्हणणारच होते, पण शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत आमच्यातले एक वडीलधारे भाऊ डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, ताई, प्रभूने मला बंद दार दाखवलंय, तू मिरज सोडू नकोस. झालं! तेव्हापासून झोप नाही. मला स्वतःला प्रार्थनेत काहीच जाणवत नाहीये, हो पण नाही आणि नको पण नाही. डोळे मिटून बायबल उघडते आणि बोट ठेवते, काल वंशावळ निघाली 😄 त्यातून काय घ्यायचं? आई म्हणते भाऊंचं ऐक, उगाच शाप नको. मिस्टर म्हणतात तू संडेस्कूल घेतेस आणि त्यांना दुसरी बाई मिळत नाहीये, म्हणून दार बंद दिसतंय. १५ तारखेपर्यंत कळवायचंय. तुम्ही लोक देवाचा आवाज कसा ओळखता?

चारभिंती, सातारा
ताई, आधी ते बोट ठेवणं बंद करा, चिठ्ठ्या टाकण्यासारखं झालं ते.
मी रिटायर्ड शिक्षक, मंडळीत वडील म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे भाऊंच्या खुर्चीत मीपण बसलोय. बायबलमधलं १ शमुवेल ३ वाचा. शमुवेल नावाच्या पोराला रात्री देवाची हाक येते, त्याला वाटतं याजक एलीनेच बोलावलं, तो उठून एलीकडे पळतो, एकदा नाही तीनदा. एली म्हातारा, डोळे गेलेले, पण तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं. आता गंमत बघा, एली असं म्हणत नाही की थांब, देव काय म्हणतोय ते मी विचारून सांगतो. तो म्हणतो जा, परत जाऊन नीज, आणि हाक आली की म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. बस्स. पोराला परत त्याच्या अंथरुणावर पाठवला. आणि सकाळी निरोप निघाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध! तरी म्हातारा म्हणतो, लपवू नकोस, सगळं सांग. भाऊ तुम्हाला अंथरुणावर परत पाठवतायत की स्वतःजवळच बसवून ठेवतायत, तेवढं बघा.
आमच्या साताऱ्याचंच सांगतो, कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचं काम सोडून इथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. वयाची पन्नाशी उलटलेली, आणि मिशनची नोकरी म्हणजे घर चालायचं त्यावर. अशा वेळी माणसाला चार जण चार गोष्टी सांगतातच.

हळदगल्ली, सांगली
सर, पटलं, पण भाऊंना एकदम खोट्यात काढू नका कोणी. माझ्या सासऱ्यांना एकदा असंच वाटलं होतं, आम्ही हसलो आणि नंतर पस्तावलो, डिटेल लिहीत नाही.
पण ताई, प्रेषितांची कृत्ये २१ बघा. कैसरीयात अगब नावाचा संदेष्टा येतो, प्रेषित पौलाचा कमरबंद घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. खरं निघालं ना ते? निघालं! पण "जाऊ नकोस" हे अगब बोललेलाच नाही, ते रडत रडत बाकीचे बोलले. आणि पौल गेला. म्हणजे दाखवलेलं वेगळं, त्याचा अर्थ लावणं वेगळं. तुमच्या भाऊंना दार दिसलं असेलही हो, पण ते पुण्याचं होतं कशावरून? सरळ विचारा त्यांना, घाबरू नका.

बेदाणा, तासगाव
मी कॅथलिक, चालेल ना इथे 🙂 आमच्यात संत इग्नेशियसचं उदाहरण देतात, आधी सैनिक होता तो. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, मग महिनोन्‌महिने पलंगावर. शूरवीर होऊन मिरवायची स्वप्नं बघायचा तेव्हा मजा यायची, पण नंतर मन कोरडं. ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचून तसं जगायची स्वप्नं बघितली की आनंद नंतरही टिकायचा. त्यावरून तो शिकला की "नंतर" काय उरतं ते बघायचं. आणि त्याचा एक नियम, मन अंधारात असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. आमच्या फादरनी मला करायला लावलेलं सांगते, ३ दिवस जायचं ठरलंय असं धरून वागा, मग ३ दिवस नाही जायचं असं. कोणाला सांगायचं नाही, रात्री २ ओळी लिहायच्या फक्त.

कृष्णाकाठ, मिरज
सगळ्यांचे आभार, विशेषतः सर. हॉस्पिटलवाल्यांकडून २० तारखेपर्यंत मुदत मागून घेतली. पुण्याचे ३ दिवस झाले, दुसऱ्या दिवशी नाइट ड्यूटीला सलाईन बदलता बदलता मी पोरीच्या शाळेचा विचार करत होते आणि भीती नव्हती वाटत, एवढंच लिहिलंय वहीत. आजपासून मिरजेचे ३ दिवस.
भाऊंना काल चर्चच्या पायरीवर विचारलंच. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, दार दिसलं ताई, बंदच होतं, पण कुठलं ते नाही सांगता येणार. मग हळूच म्हणाले, संडेस्कूलचं काय करायचं? मिस्टर गाडीला किक मारत होते, त्यांनी ऐकलं. घरी येईपर्यंत हसत होते.