शब्दचर्चा : नेअर्सबरोहून ‘निवडून आला’ की ‘बसवला’?

मूळ प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या आरंभकाळावर लेख लिहिते आहे. त्यात अर्थातच सर जेम्स मॅकिंटॉश येतो. १८०४ मध्ये तो रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, म्हणून मुंबईत आला आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला परळला त्यानं ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ सुरू केली. १८११ मध्ये तो परत गेला. पुढे तो ब्रिटिश संसदेत यॉर्कशरमधल्या नेअर्सबरो नावाच्या छोट्या गावाचा प्रतिनिधी होता आणि ३० मे १८३२ रोजी वारला तेव्हाही ती जागा त्याच्याकडेच होती.

माझं अडतंय ते एका वाक्यावर. इंग्रजीत त्याच्याबद्दल ‘रिटर्न्ड फॉर नेअर्सबरो’ असं लिहितात. मी सहज लिहून गेले, ‘मॅकिंटॉश नेअर्सबरो मतदारसंघातून निवडून आला.’ मग त्या गावाबद्दल थोडं वाचलं आणि हात थांबला. मतदार म्हणावेत असे तिथं फारसे कुणी नव्हतेच. मग ‘मतदारसंघ’ कसला आणि ‘निवडून’ तरी कुणी दिलं? तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

ताई, ‘पॉकेट बरो’ला, म्हणजे संसदेतली जागा एकाच बड्या माणसाच्या मुठीत असलेल्या अशा गावाला, ‘खिशातला मतदारसंघ’ म्हणतात, तेच लिहा. किंवा ती जागा डेव्हनशायरच्या ड्यूकची होती, तर सरळ ‘ड्यूकचा बालेकिल्ला’. वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद

‘बालेकिल्ला’ नको, असं मला ठामपणे वाटतं. बालेकिल्ल्यात माणसं असतात आणि ती आपल्या मनानं एकाच पक्षाला मत देत राहतात. उद्या ती फिरली तर बालेकिल्ला ढासळतो. आपल्या बातम्यांत ‘ढासळला’ हे क्रियापद या शब्दाला चिकटूनच येतं. नेअर्सबरोत ढासळण्यासारखं काही नव्हतं.

तिथली व्यवस्था थोडक्यात अशी. १५५३ पासून हे गाव संसदेत दोन प्रतिनिधी पाठवायचं. मताचा हक्क माणसाला नव्हता, घराला होता. गावातल्या ऐंशीच्या आसपास ठरावीक जुन्या घरांना ‘बर्गेज’ म्हणत. बर्गेज ज्याच्या मालकीचं, मत त्याचं. शेजारच्या नव्या घरात कुणी कितीही सधन विणकर राहत असला तरी त्याला मत नाही. आणि घर म्हटलं की ते विकत घेता येतं. डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्यानं ती घरं घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळी बर्गेज एकाच हातात होती. ड्यूक संसदेत लॉर्डांच्या सभेत बसायचा आणि कॉमन्समधल्या, म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेतल्या, या दोन जागांवर आपल्या व्हिग पक्षाची माणसं बसवायचा.

म्हणून ‘खिशातला’ हा शब्द चांगला आहे, पण त्याच्या पुढचा ‘मतदारसंघ’ चुकतो. मतदारसंघ या शब्दात मतदारही आहेत आणि त्यांचा संघही आहे. इथं दोन्ही नाहीत. मराठीत आपण ‘ती जागा त्यांच्या खिशात आहे’ असं म्हणतोच, त्यावरून ‘खिशातली जागा’ म्हणा.

प्रतिसाद

मी ‘वतनी जागा’ सुचवतो. हक्क माणसाला नसून जमिनीला-घराला चिकटलेला, वारशानं येणारा, विकता येणारा. पाटीलकी, देशमुखी यांच्याशी किती जुळतं बघा. आपल्या वाचकाच्या मनात ‘वतन’ शब्दाबरोबर सगळं चित्र उभं राहील.

प्रतिसाद

चित्र उभं राहील, पण चुकीचं. वतनाला चाकरी होती. पाटलाला गावात राहावं लागे, वसुलीला जबाबदार राहावं लागे, तंटा झाला तर गोतसभेपुढं उभं राहावं लागे आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, गावकऱ्यांच्या साक्षी पडत. वतनदार जुलमी असला तरी तो गावाला बांधलेला असे. डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुख्य वाडा डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थला. नेअर्सबरोच्या मतांच्या बदल्यात त्याच्यावर नेअर्सबरोची कसली चाकरी होती? ‘वतनी’ म्हटलं की आपण त्या व्यवहाराला आपल्या पदरची थोडी प्रतिष्ठा देतो. ती त्याला द्यायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद (लीड्सहून)

मी गेली काही वर्षं लीड्सला राहतो. नेअर्सबरो इथून उत्तरेला, अंतर तीस किलोमीटरच्या आतच. निड नदीच्या कड्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष, खाली नदी, नदीवर १८५१ चा रेल्वेपूल. बुधवारी बाजार भरतो. बाजाराची सनद दुसऱ्या एडवर्ड राजाच्या वेळची, १३१० ची. एके काळी इथलं जवसाच्या धाग्याचं लिनन कापड नावाजलेलं होतं.

हे मुद्दाम सांगतोय. ‘रॉटन बरो’ आणि ‘पॉकेट बरो’ यांची मराठीत फार सरमिसळ होते आणि दोन्हींना ‘कुजका’ नाहीतर ‘सडका मतदारसंघ’ म्हणून मोकळे होतात. ‘रॉटन’ म्हणजे इथं झडलेलं, माणसं उठून गेलेलं गाव. ओल्ड सेरममध्ये वस्तीच उरली नव्हती. डनिचचा मोठा भाग समुद्रानं खाल्ला होता. तरी या दोन्ही ठिकाणांहून १८३२ पर्यंत दोन-दोन प्रतिनिधी जात होते. नेअर्सबरो तसं नव्हतं. ते जिवंत, नांदतं बाजाराचं गाव होतं. गाव नांदत होतं, फक्त त्याचं मत दुसऱ्याच्या कपाटात होतं. माझ्या मते हे ओल्ड सेरमपेक्षा वाईट. ओल्ड सेरममध्ये मत नाकारलं जायला माणूसच नव्हता. इथं हजारो होते.

आणि ज्या लीड्समध्ये मी राहतो, त्या कापडगिरण्यांच्या एवढ्या मोठ्या शहराला १८३२ पर्यंत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. मेकॉलेचं उदाहरण घ्या. १८३० मध्ये तो विल्टशरमधल्या काल्न या असल्याच गावातून संसदेत शिरला, ती जागा लॉर्ड लॅन्सडाउनच्या हातातली. त्याच जागेवर उभा राहून तो असल्या जागा मोडणाऱ्या, मताचा हक्क वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाच्या बाजूनं बोलला, आणि विधेयक झाल्यावर नव्यानं मिळालेल्या लीड्सच्या जागेवर निवडून आला. तिथून १८३४ मध्ये तो भारतात आला, ते आपल्याला माहीतच आहे. काल्नबाबत ‘बसवला’ आणि लीड्सबाबत ‘निवडून आला’, असा फरक एकाच माणसाच्या चरित्रात दोन वर्षांच्या अंतरानं करावा लागतो.

प्रतिसाद

लीड्सच्या दादांनी ‘झडलेलं गाव’ म्हटलं त्यावरून आठवलं. जुन्या महसुली दफ्तरांत ओस गावासमोर ‘बेचिराग’ लिहिलेलं सापडतं. बे-चिराग, म्हणजे दिवा न लागणारं. आपण पुढं त्याचं ‘बेचिराख’ केलं, राख ऐकू येते म्हणून जाळपोळीचा अर्थ चिकटवला, आणि मूळचा शांत अर्थ हरवला. ओल्ड सेरमला ‘बेचिराग बरो’ म्हणावं. ‘कुजका’ ऐकल्यावर लाचखोरीचा वास येतो, पण मूळ इंग्रजी शब्दात आधी ओसाडपण आहे. दफ्तरातला हा शब्द असा परत वापरात आला तर मला मनापासून आनंद होईल.

तसंच ‘मार्केट टाउन’ला ‘बाजारगाव’ नका लिहू. आपल्याकडे ‘कसबा’ आहे.

मूळ प्रश्नकर्ती

‘बेचिराग’ घेतला! कसब्याबद्दल मात्र मन होत नाही. कसबा म्हणजे परगण्याचं ठाणं. तिथं अंमलदार बसतो म्हणून बाजार भरतो. इंग्लंडात उलटं, बाजार भरवायची राजाची सनद मिळते म्हणून गावाला ओळख. मी ‘सनदी बाजाराचं गाव’ लिहीन, तीन शब्द गेले तरी चालतील.

आणखी एक शब्द अडला आहे. नेअर्सबरोत मतदानापुरती बर्गेजची कागदपत्रं कुणाच्या तरी नावानं करून देत आणि मतदान उरकलं की परत घेत. अशा माणसांना ‘फॅगट व्होटर’ म्हणायचे. ‘बोगस मतदार’ लिहू?

प्रतिसाद

बोगस नाही. बोगस मतदार म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मत टाकणारा, नाहीतर यादीत खोटं नाव घुसवलेला. इथं कागद कायद्यानं खरा होता, फक्त तो अर्ध्या दिवसाचा होता. ‘भाडोत्री’ही पुरतं बसत नाही, कारण मुद्दा त्या माणसाला मिळालेल्या पैशाचा नाही. मुद्दा असा की मालकी त्याच्याकडे आली ती परत जाण्यासाठीच. वाटीभर साखर शेजारून आणतो आणि परत करतो, त्याला आपण काय म्हणतो? उसनी. हे ‘उसने मतदार’.

‘फॅगट’चा मूळ अर्थ लाकडाची मोळी. सैन्याची हजेरी घेताना शिपाई कमी पडले की तेवढ्यापुरता कुणीतरी आणून उभा करत, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द होता. संख्या भरून काढायला उभा केलेला माणूस हा अर्थ तिथून दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती

‘उसने मतदार’ वाचून खरंच उभी राहून दोन चकरा मारल्या. इतके दिवस शोधत होते.

आता मूळ मुद्दा. ‘रिटर्न्ड’चं काय?

प्रतिसाद

या क्रियापदात निवडणं नाहीच, हे आधी लक्षात घ्यावं. निवडणूक घ्या असा राजाचा हुकूम लंडनहून शेरिफकडे, म्हणजे त्या भागातल्या राजाच्या अंमलदाराकडे, निघायचा. शेरिफ तो पुढं बरोच्या अधिकाऱ्याकडे धाडायचा. मग निवडलेल्यांची नावं जोडून हुकूम ‘परत’ जायचा. म्हणून ‘रिटर्न’ आणि म्हणूनच ‘रिटर्निंग ऑफिसर’. नावं कशी ठरली याबद्दल तो शब्द गप्प असतो. लंडनला कागद परत पोचला की झालं.

मराठीत आपण या अधिकाऱ्याला ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ केलं. भाषांतर म्हणून ते मूळ शब्दापासून दूर आहे, तरी मला ते आवडतं. आपण त्याच्याकडे टपाल्याचं नव्हे, निर्णयाचं काम दिलं.

नेअर्सबरोनं या शब्दाची मोठी परीक्षा पाहिली आहे. १८३२ च्या कायद्यानं तिथल्या दोन्ही जागा राहिल्या, पण घरांची मिरास मोडून वर्षाला दहा पौंड भाडं येईल अशा घरात राहणाऱ्या पुरुषांना मत आलं. आता खरे मतदार होते, थोडेसेच. प्रत्येकाला दोन मतं. १८५२ च्या निवडणुकीत तीन उमेदवारांना प्रत्येकी ११३ मतं पडली. जागा दोन. अधिकाऱ्यानं काय करावं? त्यानं तिघांचीही नावं लंडनला पाठवून दिली. पुढच्या वर्षी संसदेनं छाननी करून त्यातला एक काढला. आपल्याकडे असं झालं तर चिठ्ठ्या टाकतात. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात तेच झालं आणि वर्तमानपत्रांनी ‘ईश्वरचिठ्ठी’ हा सुंदर शब्द पुन्हा छापला. नेअर्सबरोच्या त्या अधिकाऱ्यानं निर्णय केला नाही, नुसतं ‘रिटर्न’ केलं. त्याच्या पदाचं नाव शब्दशः पाळलं म्हणा.

प्रतिसाद (लीड्सहून)

त्या गावाची पुढची हकिगत दोन ओळींत. १८६८ पासून दोनाची एक जागा झाली, १८८५ मध्ये तीही गेली आणि गाव आसपासच्या ग्रामीण मतदारसंघात विरून गेलं. १९९७ पासून नाव पुन्हा पाटीवर आहे, ‘हॅरोगेट अँड नेअर्सबरो’ म्हणून, तेही शेजारच्या मोठ्या गावाच्या मागून. आज त्याला ‘मतदारसंघ’ खुशाल म्हणावं.

ताई, मॅकिंटॉशसाठी मी ‘बसवला’ लिहीन. गादीवर बसवतात तसा. कर्त्याचं नाव घालायला विसरू नका, ‘ड्यूकनं बसवला’.

प्रतिसाद

मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. ‘बसवला’ म्हटलं की मॅकिंटॉश बाहुलं वाटतो, आणि तो तसा नव्हता. फाशीच्या शिक्षा कमी करण्यासाठी तो कॉमन्समध्ये वर्षानुवर्षं झगडला. १८३१ मध्ये सुधारणा विधेयकाच्या बाजूनं बोलला, म्हणजे ज्या फांदीवर बसला होता तीच तोडायला उठला. कायद्यावर राजाची संमती झाली ७ जून १८३२ ला, त्याच्या मृत्यूनंतर आठ दिवसांनी. शब्द असा हवा की जागेचा खोटेपणा दिसेल आणि माणसावर अन्याय होणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

अगदी हेच मला सांगता येत नव्हतं. दोषाचा शब्द जागेवर ठेवते, माणसावर नाही. हे कसं वाटतं बघा :

‘नेअर्सबरो हे यॉर्कशरमधलं सनदी बाजाराचं गाव. तिथल्या दोन्ही जागा डेव्हनशायरच्या ड्यूकच्या खिशातल्या होत्या आणि गरजेपुरते उसने मतदार उभे करून त्या भरल्या जात. त्यांतली एक ड्यूकनं मॅकिंटॉशला दिली. परळला ग्रंथालयाची पहिली बैठक घेणारा हा न्यायाधीश त्या जागेवरून, असल्या जागा मोडण्याच्या बाजूनं बोलला. मरेपर्यंत तो नेअर्सबरोचा खासदार होता.’

प्रतिसाद

उत्तम. ‘जागा दिली’ यात सगळं आलं. एकच करा, शेवटच्या वाक्यातला ‘खासदार’ काढून ‘कॉमन्सचा सभासद’ घाला. खासदार म्हटलं की वाचकाला आजची दिल्ली दिसते, आणि तिच्या मागं लाखो मतदारांची रांग दिसते. ती रांग मॅकिंटॉशच्या मागं नव्हती.

मूळ प्रश्नकर्ती

केलं. ‘ग्रंथालयाची पहिली बैठक’ही बदलते. ती बैठक सोसायटीची होती, पुस्तकं नंतर आली.