शब्दचर्चा: ‘घनता’ म्हणजे शक्यता नव्हे, मग काय?

एमथ्री पास

इंजिनिअरिंगला एम-थ्रीपर्यंत गणित झालंय, कॅल्क्युलस अजून हातात आहे. आता चाळिशीत संभाव्यता आणि संख्याशास्त्र नव्याने शिकतोय. वडील मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायचे. रोज रात्री फोनवर त्यांना त्या दिवशी वाचलेलं मराठीत सांगायचं, असा आमचा नेम आहे. त्या नेमातच अडलो.

परवा त्यांना म्हटलं, ‘प्रोबॅबिलिटी डेन्सिटी म्हणजे संभाव्यता घनता. तिचं संकलन (इंटिग्रेशन) केलं की संभाव्यता मिळते.’ ते म्हणाले, ‘संकलन म्हणजे माहिती गोळा करणं ना? ते तर आधीच केलंस.’ पुढे मी सांगितलं की घनता १ पेक्षा जास्त असू शकते. त्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

तर तीन शंका. ‘घनता’ हा शब्द बरोबर आहे का? ‘संकलना’चा गोंधळ कसा टाळायचा? आणि विकलन, विचलन, विचरण हे तिघं एकाच घरातले आहेत का?

खडूफळा

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. नाही, एका घरातले नाहीत, फक्त एका चाळीतले आहेत.

विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, ‘कल्’ धातूचं. विचलन म्हणजे ढळणं. सरासरीपासून एखादी किंमत किती ढळली ते तिचं विचलन, आणि त्यावरून प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. विचरण म्हणजे व्हेरिअन्स, प्रमाण विचलनाचा वर्ग. त्याला ‘प्रचरण’ही म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो. विचरण म्हटलं की डोळ्यांसमोर देवळाच्या आवारात फिरणारी गाय येते. शिवाय फळ्यावर घाईत लिहिलेलं विचलन आणि विचरण मागच्या बाकावरून सारखंच दिसतं, हे अनुभवाने सांगते.

तुमच्या वडिलांना एककांवरून सांगा. बसची वाट मिनिटांत मोजली तर प्रमाण विचलन मिनिटांत येतं, विचरण ‘वर्ग मिनिटां’त. आमच्या शाळेत तो विनोद दरवर्षी व्हायचा, की वर्ग मिनिटं पस्तीस झाली की तास संपतो.

बेहडा

संकलनाबद्दल. गोंधळ आहे खरा, पण शब्दाचा दोष नाही. आपल्या जुन्या गणितात ‘संकलित’ म्हणजे बेरीज आणि ‘व्यवकलित’ म्हणजे वजाबाकी. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या पहिल्या क्रिया याच. इंटिग्रेशन ही बारीक बारीक तुकड्यांची बेरीजच, म्हणून संकलन. माहिती गोळा करणं हा अर्थ त्याच मुळाचा, आणि चित्रपटाचं संकलन तर त्याहून अलीकडचं. गंमत बघा, तिथे बेरजेपेक्षा कापाकापीच जास्त.

ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी ‘अवकलन-समाकलन’ ही जोडी आहेच. संख्याशास्त्रावर लिहिताना मी समाकलन वापरतो, म्हणजे माहितीचं संकलन मोकळं राहतं.

एमथ्री पास

समाकलन चालेल. पण घनतेचं काय?

तुरळक सरी

घनता उत्तम शब्द आहे. इंग्रजीत ‘डेन्सिटी’ वाचून जे लक्षात येत नाही ते मराठीत येतं, कारण ‘लोकसंख्येची घनता’ आपण पाचवी-सहावीपासून ऐकलेली असते. दर चौरस किलोमीटरला इतकी माणसं. ती माणसांची संख्या नव्हे; क्षेत्रफळाने गुणली की माणसं मिळतात. आणि एका बिंदूवर किती माणसं राहतात, असं कुणी विचारत नाही.

वरच्याच बसचं बघा. समजा सरासरी दहा मिनिटांनी बस येते, आणि आत्तापर्यंत किती वेळ उभे आहात याचा पुढच्या वाटेशी काही संबंध नाही (ज्यांनी वाट पाहिलीय त्यांना हे पटेल). मग सुरुवातीच्या क्षणी घनता ०.१ आहे. ०.१ काय? दर मिनिटाला ०.१. हीच घनता तासांत मोजली तर ६ होते. बस तीच, थांबा तोच, आकडा साठपट. ६ ही संभाव्यता असती तर अनर्थ होता, पण ती ‘दर तासाला ६’ अशी घनता आहे. पहिल्या मिनिटात बस येण्याची संभाव्यता काढायची तर घनतेचं त्या मिनिटापुरतं समाकलन करा. साधारण ९.५ टक्के येते. नुसता ०.१ गुणिले १ केला तर १० टक्के, म्हणजे जवळपास तेच. मिनिटाऐवजी सेकंद घेतला तर फरक नावालाही उरत नाही. तुम्हाला कॅल्क्युलस येतं, हे तुम्ही पूर्वी वेग आणि अंतराच्या बाबतीत शंभरदा केलेलं आहे.

खडूफळा

आणि घनतेच्या उलट बाजूचा शब्द तर वडिलांना पाठच असेल. शाळेत ‘संचित वारंवारता’ शिकवलीय ना त्यांनी? इथे वारंवारतेऐवजी संभाव्यता साठत जाते, इतकंच. संचिताचं विकलन म्हणजे घनता.

बेहडा

मग घनतेला ‘क्रियमाण’ म्हणा! संचितात आत्ता या क्षणी जी भर पडतेय ती. 🙂

तुरळक सरी

छान आहे, पण इथलं संचित भोगून कमी होत नाही. शून्यापासून निघतं, १ पर्यंत चढतं, मध्ये सपाट होऊ शकतं, खाली कधीच येत नाही.

बेहडा

मान्य. मोक्ष नाही.

एमथ्री पास

क्रियमाण वडिलांना सांगतोच! अजून एक. ‘रँडम व्हेरिएबल’ला ‘यादृच्छिक चल’ म्हणतात. वडिलांनी विचारलं, ‘चल कशात? कुठला अक्ष?’ मी पुस्तक उघडलं तर तिथे व्याख्याच फलाची, म्हणजे फंक्शनची. नमुना अवकाशातल्या (सगळ्या शक्य निकालांच्या संचातल्या) प्रत्येक निष्पत्तीला एक संख्या नेमून देणारं फल. मग त्याला चल का म्हणायचं?

बेहडा

कारण इंग्रजीने म्हटलं, आणि आपण मुकाट्याने मागे गेलो. इंग्रजी शिकणाऱ्यालाही नेमका हाच खडा लागतो. चूक वारशात आलीय.

विशेषणाबद्दल मात्र बोलायलाच हवं. पुष्कळांना वाटतं यादृच्छिक म्हणजे ‘इच्छेला येईल तसं’. शब्दात ‘इच्छा’ नाही. यदृच्छा, त्यापासून यादृच्छिक. गीतेत ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आहे (४.२२), म्हणजे न मागता, आपोआप जे समोर येईल त्यात समाधानी. हा अर्थ रँडमला अगदी चपखल. पण संस्कृतातच यदृच्छेला ‘स्वैरपणा’ हाही अर्थ आहे, आणि मराठी भाषाविज्ञानात ‘शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक असतं’ म्हणतात तेव्हा तो आर्बिट्ररी या अर्थी असतो. तिथे नाणं कुणी उडवत नाही. म्हणून विद्यार्थी ‘यादृच्छिक नमुना’ वाचतो आणि मनाला येतील ती दहा घरं निवडून येतो. त्याने स्वैरपणा केला, यदृच्छा नव्हे.

वरणफोडणी

मी संख्याशास्त्रातली नाही, पण सर्वेक्षणाचं काम केलंय. आम्हाला शिकवलं होतं, ‘चिठ्ठ्या टाकून निवडा’. घरांच्या सोडतीसारखं. एवढं सांगितलं की कुणीही स्वैरपणा करत नाही. ‘यादृच्छिक’ म्हटल्यावर करतात.

आणि ‘नमुना’ शब्दाला माझा कायमचा आक्षेप आहे. बोलीत ‘काय नमुना आहे!’ म्हणजे चारचौघांसारखा नसलेला. संख्याशास्त्रातला नमुना चारचौघांसारखाच हवा.

खडूफळा

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण? ते शीत म्हणजे नमुना. फक्त म्हणीत एक अट गृहीत आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. खाली करपलेला आणि वर कच्चा असेल तर वरच्या शिताने काय कळणार! अशा वेळी पातेलं ढवळून मग शीत घ्यायचं. चिठ्ठ्या टाकणं हे ते ढवळणं.

वरणफोडणी

भात ढवळत नाहीत हो, शितं मोडतात. 🙂 पण कळलं.

बेहडा

नमुन्यावरून अंदाज बांधायची गोष्ट निघालीच आहे तर नळाख्यान आठवा. वनपर्वात ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडावरची पानं आणि फळं किती ते सांगतो, दोन फांद्यांचा हिशेब करून. नळाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून मोजून बघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, म्हणजे फाशांची विद्या. बदल्यात नळ अश्वविद्या देतो. जुने फासे बेहड्याच्याच फळांचे. मोजदाद आणि जुगार एकाच झाडाखाली, हे कथाकाराला सुचलं याचं मला फार अप्रूप आहे. माझं नाव तिथूनच.

साडेतीन

माझं नाव फाशावरून. सहा तोंडांच्या फाशाची ‘अपेक्षित किंमत’ ३.५. मराठी माणसाला साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं चालतात, पण फाशावर साडेतीन पडण्याची अपेक्षा कुणी करत नाही. ‘अपेक्षा’ शब्दच मुळात चुकलाय. डच गणितज्ञ हायगेन्सने सट्ट्याच्या गणितावर छोटी पुस्तिका लिहिली, १६५७ मध्ये निघालेल्या तिच्या लॅटिन भाषांतरात ‘एक्स्पेक्टाशिओ’ शब्द आला आणि तेव्हापासून सगळे अपेक्षा ठेवून बसलेत. ज्याला कॅल्क्युलस येतं त्याने ‘गुरुत्वमध्य’ म्हणावं. किंमत गुणिले घनता, त्याचं समाकलन. गुरुत्वमध्याचंच सूत्र, फक्त एकूण वजन १ असल्यामुळे खाली भागायला काही नाही. कड्याचा गुरुत्वमध्य पोकळीत येतो, तिथे धातू नसतो, त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. तसंच साडेतीन.

एमथ्री पास

हे भारी आहे. बसच्या उदाहरणात बाय पार्ट्सने समाकलन करून १० आलं तेव्हा मी ‘सरासरी’ एवढंच लिहून पुढे गेलो होतो.

आता शेवटचं आणि सगळ्यात अवघड: ‘लाइकलिहूड’. मी वडिलांना ‘शक्यता’ सांगितलं. मग प्रोबॅबिलिटीला काय, म्हणाले. मी म्हटलं संभाव्यता. ‘दोन्ही एकच की!’

तुरळक सरी

रोजच्या मराठीत एकच आहेत, त्यामुळे वडील बरोबर आहेत. हवामानाच्या बातमीत ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ म्हणतात, त्यात ‘तुरळक’चा अर्थ लोक ‘कमी शक्यता’ असा घेतात. तो शब्द जागेबद्दल आहे. पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. आमच्या ‘शक्यते’वर आधीच इतकं ओझं आहे, आणखी लाइकलिहूड नको.

इंग्रजीतही ते दोन्ही शब्द बोलण्यात एकच. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुद्दाम त्यांना वेगळं काढलं.

फरक असा. नाणं दहा वेळा उडवलं, सात छाप, तीन काटे. हे आता घडून गेलं, बदलणार नाही. बदलतंय ते छाप पडण्याचं प्रमाण, जे आपल्याला माहीत नाही. त्याची प्रत्येक किंमत धरून विचारायचं: हे प्रमाण असतं तर सात छाप पडण्याची संभाव्यता किती होती? त्या उत्तरांचा आलेख काढा. विकलन करून शून्याशी मांडा, शिखर ०.७ वर येतं. इथवर बारावीचं गणित. आता त्याच आलेखाखालचं क्षेत्रफळ ० ते १ काढून बघा. १ येत नाही, १/११ येतं. म्हणून ती प्रमाणाची घनता नाही, आणि तिला संभाव्यता म्हणता येत नाही.

साडेतीन

या शिखराच्या गणितात कोल्हापूरचा माणूस आहे, हे सांगायलाच हवं. व. शं. हुजूरबाजार, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये त्यांनी उभा केला. शून्याशी मांडलेल्या त्या समीकरणाला कधी कधी अनेक उत्तरं असतात. त्यांनी १९४८ मध्ये दाखवलं की काही अटी पाळल्या गेल्या तर नमुना वाढत जाताना खऱ्या किंमतीकडे जाणारं उत्तर एकच उरतं, आणि ते शिखरच असतं, दरी नव्हे. हत्यार काय, तर दुसरं विकलन.

बेहडा

शब्द म्हणून ‘संभाविता’ करता येईल. पण संभाव्यता आणि संभाविता यांत जोडाक्षराचाच काय तो फरक. चाळीत आणखी एक भाडेकरू.

वरणफोडणी

‘जुळणी’ म्हणा ना. हे प्रमाण धरलं तर जे घडलं त्याच्याशी कितपत जुळतं? पत्रिकेत गुण जुळवतो तसं. गुण सर्वांत जास्त जिथे, ते स्थळ. आणि छत्तीस गुणांची बेरीज १ व्हायला हवी असं कुणी म्हणत नाही.

खडूफळा

‘महत्तम जुळणी’. फळ्यावर नीट दिसेल. माझं मत याला.

एमथ्री पास

काल रात्री सगळं सांगितलं. ‘दर मिनिटाला ०.१’ वर वडील म्हणाले, हे पहिल्यांदाच एककासकट सांगितलं असतंस तर फोन दिला नसता. जुळणीही पटली. साडेतीनवर मात्र अडून आहेत. फासा म्हणजे कडं नव्हे, म्हणतात. उद्या आईला लाडूचं उदाहरण विचारणार आहेत.