कॅनबेरावर काम केलेलं कोणी आहे का इथं?

प्रश्न (आर्वीकडचा): आमचे आबाजी हवाई दलात आग्र्याला कॅनबेरा बॉम्बरवर फिटर होते. आता बांधावर बसून सांगतात, "बाप्पा, इंजिन काडतुसानं चालू होये!" काडतूस तर बंदुकीत असते ना? का वयामुळं घोळ होऊन राह्यला?

उत्तर: घोळ नाही पोरा, मीही त्याच कामावर होतो. दोन एव्हॉन इंजिनं, स्टार्टरमध्ये काडतूस भरायचं. बटण दाबलं की फाडकन आवाज अन् काळा धूर. तो वास धुतलेल्या कपड्यालेही येये. १९७१च्या डिसेंबरात विमानं रात्रीच जायची. परत येईस्तोवर आम्ही कुडकुडत कान लावून बसायचो. नेव्हिगेटरसाठी, म्हणजे वाट दाखवणाऱ्यासाठी, जीव तुटे. कॅनबेराच्या बीआय-५८ प्रकारात पायलटला इजेक्शन सीट (संकटात विमानाबाहेर फेकणारी खुर्ची), त्याला नाही! हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं, देव जाणे.

दुसरं उत्तर: १९६१मध्ये गोव्यात दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरा विमानांनीच. २००७पर्यंत सेवेत होती.

प्रश्नकर्ता: आबाजीले वाचून दाखवलं. म्हणे, "इचार त्याले, रातच्या पाळीत साखर कोन चोरे?"

उत्तर: मीच. नमस्कार सांग.