मदत हवी आहे: काळ्या दगडाच्या चुलीचे सांधे गळतात, धूर घरात येतो
कोल्हापुरात परसातल्या खोलीत काळ्या दगडाची चूल आणि शेजारी वैल (चुलीच्याच जाळावर तापणारी जोडचूल) बांधलाय. सांधे सिमेंटचे. जाळाला सिमेंट टिकत नाही, बोट लावलं तरी भुगा पडतो. ते खरवडून चिकणमाती, वाळू आणि भाताचं तूस मळून भरायचंय. प्रमाण किती धरावं? माती जास्त झाली की वाळताना भेगा पडतात.

पावसाळ्यात ओल धरलेल्या दगडाच्या जाळ लागताच कपच्या उडतात, तेही जपायचंय. आतून भाजक्या विटांचं अस्तर द्यावं की पन्हाळ्याकडचा जांभा (तांबडा दगड) चालेल?

धुराड्याचा पाईप 4 इंची, छपरावर जेमतेम फूटभर. 6 इंची करून आढ्याच्या 2 फूट वर नेला तर धूर ओढेल ना? रश्श्याचं मोठं पातेलं ठेवायचं असतं, चूल लहान करता येणार नाही.